मशीन विकू नकोस, आधी त्या बाहीचं बघू

"मावशी, मी 44 वर्षांची आहे, नोकरी करते, मुलगी कॉलेजला आहे. शिवण शिकायचं खूप वर्षं मनात होतं म्हणून सात-आठ महिन्यांपूर्वी मशीन घेतलं. व्हिडिओ बघून पहिलाच कपडा म्हणून कॉलरचा फुल शर्ट शिवायला घेतला. महिनाभर त्याच्यात गेला. बगलेत काचत होता म्हणून मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, अजून कापला, तर आता हात वर केला की अख्खा शर्ट वर येतो. मुलगी हसली. नवरा म्हणाला एवढ्यात दोन रेडिमेड आले असते. आणि गंमत बघा, माझा शर्ट कुणाला आवडला नाही पण घरातल्या सगळ्यांच्या पँटा, बिघडलेल्या चेन, उसवलेले कपडे माझ्याच टेबलावर येऊन पडतात. परवा बहीण पिशवी भरून घेऊन आली. मला नाही म्हणता येत नाही. आता मशीनवर कव्हर टाकून ठेवलंय. विकून टाकू का? या वयात हे शिकण्यात काही अर्थ आहे का?"

अगं, अजिबात विकू नकोस. आणि वयाचं नंतर बोलू, आधी तुझ्या मुंढ्याचं बोलते, कारण तुझं पत्र वाचताना मला तिथेच सगळ्यात जास्त वाईट वाटलं. काचतंय म्हणजे जागा कमी आहे, जागा कमी आहे म्हणजे अजून कापू, असाच विचार कुणीही करेल, पण मुंढा उलट वागतो. तो बगलेपासून जितका खाली जातो तितकी बाही शर्टाच्या बाजूच्या शिवणीला खाली धरलेली राहते, मग हात वर गेला की बाही ती शिवण ओढते आणि सगळा शर्ट वर येतो. मुंढा बगलेच्या जवळ, उंच असेल तर हात खुशाल फिरतो आणि शर्ट जागच्या जागी राहतो. नाचणाऱ्यांच्या कपड्यांचे मुंढे बघ कधीतरी, अगदी बगलेला लागून असतात.

मग काचत का होतं? मला वाटतं तू बाही लावायच्या आधी घालून बघितलंस. त्या वेळी मुंढ्याची दीड सेंटीमीटर माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड, तशीच उभी असते आणि ती बगलेत टोचते, खरा मुंढा शिवणीच्या रेषेवर असतो, कापलेल्या कडेवर नसतो. म्हणून बाही लावण्याआधी मुंढा नेहमीच लहान वाटतो. बाही लावून झाली की बगलेच्या खालच्या भागातली माया दुसरी टीप मारून अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत छाटायची, बहुतेक वेळा काचणं तिथेच थांबतं. तरीही अडलं तर पाठीची रुंदी बघ, दोन्ही हात पुढे घेऊन मिठी मारल्यासारखं उभं राहून माप घे, आपण कायम सरळ उभं राहून मोजतो आणि मग गाडी चालवताना, कपडे वाळत घालताना पाठीत ताणतं. आणि बाहीचा वरचा गोल जितका उंच तितकी बाही दिसायला छान पण हात कमी उचलला जातो, गोल बसका आणि बाही रुंद ठेवली की हात मोकळा. दोन्ही एकदम मिळत नाही, आपल्याला काय हवं ते ठरवायचं.

तो शर्ट फेकू नकोस. बगलेत जिथे बाहीची आणि बाजूची शिवण भेटते तिथे दोन्हीकडे साधारण तीन-तीन इंच उसव आणि तीन इंचाचा (अधिक माया) एक चौकोनी तुकडा त्या फटीत चौकटच्या आकारात बसव. आधी हाताने कच्चा टाका घाल, घालून बघ, मगच मशीन मार. रंग वेगळा असला तरी चालेल, हात खाली असताना तो दिसतही नाही.

पण खरं सांगू का, तुझा शर्ट बिघडला यात तुझ्यात काही कमी आहे असं नाही, तू पहिल्याच घासाला, हो पहिल्याच, कॉलर, कॉलरची पट्टी, कफ, काजं आणि गोलाईची बाही हे सगळं एकत्र घेतलंस. यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्र शिकायची असते, आणि व्हिडिओत ती बाई आठ मिनिटांत बाही लावते तेव्हा तिने आधी किती लावल्यात ते दिसत नाही. तर आता एक इलॅस्टिकचा पायजमा घे. दोन तुकडे, चार-पाच शिवणी, नेफा, संपलं. त्यानंतर बिनबाहीचा साधा टॉप, म्हणजे गळा आणि मुंढ्याची गोलाई हाताखालून जाईल आणि बाहीची कटकट नाही. बाही त्यानंतर.

कापड मध्यम जाडीचं, न ताणणारं सुती घे. सॅटिन जॉर्जेट सुळसुळतं, सुरुवातीला नको. कापायच्या आधी धुऊन वाळवून इस्त्री करच कर, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मग शिवलेला पायजमा घोट्यावर येतो. कापताना पायजम्याच्या पायाची उभी मधली रेघ कापडाच्या काठाला, म्हणजे उभ्या सुताला, समांतर आहे ना ते टेपने दोन ठिकाणी मोजून बघ, नाहीतर धुतल्यावर पाय पिळवटतो आणि ते मग कशानेच सरळ होत नाही. सुई 80 नंबरची, आणि नवीन! मशीनबरोबर आलेलीच सुई अजून असेल तर आज बदल, सात-आठ तास शिवलं की सुई बोथट होते आणि टाके सुटायला लागतात, आपण मात्र मशीनला शिव्या घालतो. आणि कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे गुंते येत असतील तर बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, हात लावू नकोस, चूक बहुतेक वरच्या दोऱ्यात असते. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचलून दोरा पुन्हा ओव, फूट खाली असताना ओवला तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये शिरतच नाही.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते, इस्त्री शेजारी तापवून ठेव. प्रत्येक शिवण मारली की आधी ती आहे तशी दाबायची, मग माया उघडून दाबायची, मगच पुढची शिवण. शेवटी एकदा इस्त्री करून ते होत नाही, कारण पुढच्या शिवणीने आधीची सुरकुती पक्की केलेली असते. घरी शिवलेला कपडा 'घरी शिवलेला' दिसतो त्यात टाक्यांचा दोष फार कमी असतो, न दाबलेल्या शिवणींचा जास्त असतो. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, त्यामुळे इथे टाळाटाळ नको.

आता नवऱ्याचं. हिशोब त्याचा बरोबर आहे. कापड, दोरा, तुझा वेळ धरला तर रेडिमेडच स्वस्त पडतो, म्हणून पैसे वाचवायला शिवते असं त्याला पटवायला जाऊ नकोस, तिथे तू हरशील. तुला मजा येते म्हणून तू शिवतेस, एवढं कारण पुरतं, तो क्रिकेट बघतो त्याचा हिशोब कोण मागतं? आणि मजेच्या पलीकडेही एक गोष्ट आहे. 1863 साली एबेनेझर बटरिक नावाच्या अमेरिकन शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न, म्हणजे कापड कापायचे साचे, विकायला काढले, त्याच्या आधी पॅटर्न मिळायचे ते एकाच मापात, घरी शिवणारीने ते आपल्या अंगाला बसवत बसायचं. म्हणजे मापं आली हा मोठाच आधार झाला, पण आजही पॅटर्न काय आणि रेडिमेड काय, एका ठरलेल्या अंगावरून लहान-मोठे केलेले असतात. तुझा एक खांदा किंचित उतरता असेल, धड लांब असेल, ते त्यांना कसं कळणार? 44व्या वर्षी तुला स्वतःला ते नीट माहीत आहे, कुठला कपडा कुठे अडतो हे तू अंगावर वागवलेलं आहेस. विशीत हे कळत नाही. त्यामुळे या वयात शिकण्यात अर्थ आहे का, तर हो, आहे, आणि तुझ्याकडे ज्याची कमी आहे ती फक्त हाताची सवय, ती येतेच.

मुलगी हसली तर हसू दे, तिला एकदा त्याच मशीनवर सरळ टीप मारायला लाव, प्रेमाने.

पण या सगळ्यापेक्षा मला काळजी त्या टेबलावरच्या ढिगाची वाटते. मशीनवर कव्हर पडलं ते शर्टामुळे नाही पडलं, माझं स्पष्ट मत आहे की ते या ढिगामुळे पडलं. दिवसभर ऑफिस करून तू तिथे बसतेस आणि समोर काय, दुसऱ्याची चेन. दुरुस्ती आणि शिवण ही दोन वेगळी कामं आहेत, जिला शिवायला आवडतं तिला अल्टर करायला आवडेलच असं नाही, आणि दुरुस्तीत शिकायलाही फार मिळत नाही. शिवाय चेन बदलणं हे शिकाऊ माणसाचं काम नाहीच, जुनी उसवण्यातच संध्याकाळ जाते. घरच्यांना सांग की टेबल रिकामं पाहिजे. नवरा आणि मुलगी दोघांना एका रविवारी बटण लावायला आणि पँटच्या खालच्या दुमडीला हातशिलाई घालायला शिकव, अर्ध्या तासाचं काम आहे आणि दोघंही शिकलेली माणसं आहेत, येईल त्यांना. मोठं काम असेल तर टेलर आहे, त्याचं पोट त्यावर चालतं.

बहिणीची पिशवी जशी आली तशी परत कर. कारणं देऊ नकोस, "ऑफिसात काम आहे, पुढच्या महिन्यात बघते" असं म्हणालीस तर ती पुढच्या महिन्यात येईल. सरळ म्हण, "ताई, मी अजून शिकतेय आणि माझ्या वेळात फक्त माझंच शिवायचं ठरवलंय, हे टेलरकडे दे." ती दोन दिवस रुसेल. रुसू दे, बहीण आहे, जाते कुठे. तुला नाही म्हणता येत नाही असं लिहिलंस, तर हे वाक्य आधी आरशासमोर दोन-चारदा मोठ्याने म्हण, तोंडाला सवय लागली की समोर ती असताना अडखळत नाही.

आणि पायजम्याच्या नेफ्यात इलॅस्टिक पिळतं, सगळ्यांचं पिळतं, तर ते घालून झालं की दोन्ही बाजूंना आणि पुढे-मागे मध्यावर उभी टीप मारून टाक म्हणजे धुतल्यावरही जागेवर राहील. झाला की मला कळव, आणि कुठे अडलीस तर कापायच्या आधी विचार.