सायकलला टो-क्लिप घ्यावेत की क्लिपलेस पेडल?

रोज थोडं अंतर, सिग्नलवर सतत थांबणं आणि साधेच बूट असतील तर टो-क्लिप (पेडलच्या पुढे बसणारा, पट्ट्याने पाय धरणारा पिंजरा) पुरेत. पण एक ध्यानात घ्या: पट्टा सैल ठेवला तर त्याचा फारसा उपयोग नाही, आणि आवळला तर पाय मागे ओढून काढावा लागतो, घाईत तेच जमत नाही. म्हणून 'टो-क्लिप जास्त सुरक्षित' असं जे म्हटलं जातं, ते मला तितकंसं पटत नाही.

लांब पल्ला असेल तर सरळ क्लिपलेस. (नाव फसवं आहे. बूट अडकतोच, फक्त पुढचा पिंजरा नसतो.) टाच बाहेर वळवली की बूट सुटतो. लुक कंपनीने १९८४ मध्ये असं पेडल आणलं, १९८५ ची टूर द फ्रान्स शर्यत सायकलपटू बर्नार्ड इनोने त्यावरच जिंकली, आणि शर्यतींतून टो-क्लिप हळूहळू गेलेच.

सुरुवातीला दोन स्क्रूच्या क्लीटचा (क्लीट म्हणजे बुटाखाली बसणारा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) एसपीडी हा शिमानो कंपनीचा प्रकार घ्या. क्लीट बुटाच्या तळात आत बसते, त्यामुळे चालता येतं. पेडलची पकड स्क्रूने सैल करा, भिंतीला धरून वीसेक वेळा पाय अडकवा-सोडवा. तरी एकदा थांबल्या जागी आडवे पडालच, मीही पडलोय. गुडघा दुखू लागला तर आधी क्लीटचा कोन तपासा.