वर्षभराची भ्रमंती आणि परतीनंतरचे सहा महिने

मुलुंडच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्या आणि त्यांचे पती दोघेही नोकरी सोडून सहा व तीन वर्षांच्या मुलांसह वर्षभर नेपाळ, व्हिएतनाम आणि इंडोनेशियात काटकसरीने फिरू इच्छितात, तर ते परवडेल का. म्युच्युअल फंडात १६ लाख, मुदत ठेवीत ६ लाख आणि दोघांचा मिळून भविष्य निर्वाह निधी ११ लाख रुपये आहे. तिकिटे व व्हिसा धरून प्रवासाचा अंदाज महिना सव्वा लाखाचा आहे. गृहकर्जाचा हप्ता आणि सोसायटीचा देखभाल खर्च मिळून होणारे ४२,००० रुपये घरभाड्यातून भागवायचे आहेत, तर एरवीचा घरखर्च ७०,००० रुपये आहे.

आपला बेत मला मनापासून आवडला, म्हणूनच स्पष्ट लिहितो: सहा महिने अवश्य जावे, वर्षभर जाऊ नये. आपल्या हिशेबात परतीनंतरचा काळ धरलेलाच नाही. दोघांना पुन्हा नोकरी लागेपर्यंत सहा महिने गृहीत धरले, तर दरमहा १.१२ लाखांप्रमाणे ६.७२ लाख लागतील. वर्षभराच्या प्रवासाचे १५ लाख त्यात मिळवले की भविष्य निर्वाह निधी वगळता उरणारी २२ लाखांची पुंजी जवळजवळ संपते. भाडेकरू वेळेवर मिळाला नाही आणि घर एकच महिना रिकामे राहिले, तरी तूट सुरू होते. लहान मुले बरोबर असताना इतक्या ताणलेल्या हिशेबावर निघणे मला मान्य नाही.

सहा महिन्यांचा हिशेब मात्र भाड्याचा एक रुपयाही न धरता बसतो: प्रवास ७.५० लाख, घराचे २.५२ लाख, परतीनंतरचे ६.७२ लाख, एकूण १६.७४ लाख. उरलेले सव्वापाच लाख आजारपणासाठी हात न लावता ठेवावेत. घर भाड्याने दिलेच, तर लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी करावी, मुदत आपल्या परतीशी जुळवावी आणि सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी) घेऊ शकते, हे लक्षात ठेवावे.

भविष्य निर्वाह निधी मोडू नये. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी काढलेली रक्कम करपात्र ठरते, आणि योगदान थांबले तरी व्याज मिळत राहते. फंडाची विक्री थोडी ३१ मार्चपूर्वी व थोडी १ एप्रिलनंतर करावी, कारण समभाग फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर प्रत्येकाला दरवर्षी सव्वा लाखापर्यंत कर लागत नाही. मोठ्या मुलाची वार्षिक परीक्षा आटोपून एप्रिलच्या मध्यावर निघाल्यास हेही साधते.

राजीनामा देण्याआधी कुटुंबाची स्वतंत्र मेडिक्लेम पॉलिसी घ्यावी, कारण ऑफिसचे सामूहिक संरक्षण नोकरीबरोबर संपते आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. परदेशासाठी प्रवास विमा वेगळा लागेल. शाळेकडून दाखला न काढता लेखी रजा मागावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ वयानुरूप वर्गात प्रवेशाची हमी देतो, पण त्याच शाळेतील जागेची देत नाही, आणि मुंबईत नव्या प्रवेशाचा खर्च किती येतो हे आपण जाणताच.

सव्वा लाखात चौघांचे भागवायचे असेल, तर एका गावी महिनाभर स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन राहावे. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, तेथे ते सोपे जाईल. इंडोनेशियात पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा असतो आणि एकदाच वाढतो. मुदत चुकल्यास माणशी रोज १० लाख रुपिया दंड होतो, म्हणून तारखा कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवाव्यात.

आणखी एक विनंती: राजीनाम्याआधी दोघांनीही आपापल्या कार्यालयात बिनपगारी रजेचा अर्ज करून पाहावा. एकाला जरी ती मिळाली, तर परतीनंतर सहाऐवजी तीन महिन्यांचीच तरतूद पुरेल, आणि जवळपास तेवढ्याच, म्हणजे १६.७२ लाखांत आठ महिन्यांचा प्रवास बसेल. तेव्हा मी आपल्याला आठ महिने जा असेच सांगेन.