सगळी आजी निळी कशाला?

अगं,

आजीच्या पोर्ट्रेटचा फोटो काल रात्री तीनदा बघितला. ड्रॉइंग झकास, हनुवटीखालची लोंबती कातडी तर मस्तच पकडलीयेस, पण सगळी आजी निळी का गं? तू लिहिलंयस, आजोबा गेल्यापासून उदास असते म्हणून. निळा म्हणजे दुःख आणि लाल म्हणजे राग हे रील्समधलं कोष्टक आधी डोक्यातनं काढून टाक बाई.

यावलेन्स्की नावाच्या रशियन चित्रकाराने 1909 मध्ये साखारोफ नावाच्या डान्सरचं पोर्ट्रेट केलं, म्युनिकला लेनबाखहाउस म्युझियममध्ये आहे, ते बघ. शोच्या आधी मेकअप करून आलेला पुरुष, अंगात लालभडक ड्रेस, तोंड पावडरने पांढरंफटक आणि डोळ्यांभोवती हिरवी सावली. आता त्या लालमध्ये राग कुठाय? उलट त्या लालमुळेच हिरवं असलं उठतं की तो बघत असतो आणि अवघडतो आपण. झटपट केलेलं काम, म्हणतात की पेंट ओला असतानाच साखारोफ ते उचलून घेऊन गेला, नाहीतर यावलेन्स्की परत त्यावर हात मारत बसला असता! (तुलाही असा कोणीतरी पाहिजे, ब्रश हिसकावणारा.)

जर्मन चित्रकार किर्शनरचं सैनिकाच्या वेषातलं सेल्फ पोर्ट्रेट 1915 चं. त्यात निळं आहेच, पण ते युनिफॉर्मला, चेहरा पिवळट, डोळ्यात बुबुळं नाहीत, आणि उजवा हात मनगटापासून तुटलेला, खरं तर त्याचा हात शाबूत होता.

रंग खोटा चालतो, टोन, म्हणजे कुठे किती उजळ आणि किती गडद ते, खोटा चालत नाही. मी कॉलेजात असताना बाबांचे गाल जांभळे केले होते, आव मोठा होता, पण जांभळा उजेडाच्या बाजूला नको तितका डार्क पडला आणि घरी जो येईल तो विचारायचा, पडले का हो कुठे? म्हणून मोबाइलवर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघत जा, नाक नाकासारखं दिसलं की मग गाल पोपटी कर नाहीतर शेंदरी, कोणी विचारणार नाही.

आता दुसरा कागद घे. उजेडाकडचा गाल फिक्का लिंबू पिवळा, सावलीत मळकट हिरवा, निळं फक्त पदराला. आणि फोटोवरनं नको, आजीलाच समोर बसव. बसेल ती तासभर, मध्ये चहा दे म्हणजे झालं.