भुकेशी लढणारं फार्म बघायला जाताय? मग हे विचारा

प्रश्न: डिसेंबरमध्ये आम्ही फ्लोरिडाला जातोय. तिथे नॉर्थ फोर्ट मायर्सला एको नावाचं फार्म आहे, शेती शिकवून जगातली भूक कमी करायला मदत करतात असं ऐकलं. पण अमेरिकेतल्या एका फार्मवर पिकवून आफ्रिकेतल्या माणसाचं पोट कसं भरणार? आणि बरोबर 9 आणि 13 वर्षांची मुलं आहेत, झाडंच झाडं बघून कंटाळतील का?

उत्तर: तिथला भाजीपाला भरून कुठे पाठवत नाहीत हो, बाहेर जातं ते बियाणं आणि माहिती. 2023 मध्ये जगात साधारण 73 कोटी लोक उपाशी किंवा अर्धपोटी होते, आणि त्यातले कितीतरी जण स्वतःच शेतकरी आहेत, जमीन छोटी, उताराची नाहीतर कोरडी, खताला पैसे नाहीत, पाऊस लांबला की वर्ष गेलं. अशा माणसाला धान्याचं पोतं दिलं तर ते संपणार, त्यापेक्षा त्याच्याच मातीत काय तग धरेल हे कळलं तर पुढच्या वर्षीही उपयोग, म्हणून तर ते फार्म वेगवेगळ्या भागांत विभागलंय, कुठे डोंगरउतार, कुठे कोरडवाहू, कुठे पावसाळी प्रदेश, कुठे शहरातली गच्ची. बाहेरच्या देशांत काम करणारे लोक इथे येऊन शिकतात, थायलंड आणि टांझानियातही त्यांची केंद्रं आहेत.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ बियाणं बँकेसाठी ठेवा. लोक पटकन पुढे जातात कारण दिसायला तिथे विशेष काही नसतं, पण खरं काम तिथेच चालतं. दुर्लक्षित पण काटक पिकांचं बी जपायचं आणि गावागावांत काम करणाऱ्यांना छोट्या पाकिटात द्यायचं, म्हणजे शेतकऱ्याला सगळं रान पणाला न लावता एका कोपऱ्यात पेरून बघता येतं. बी कोरडं आणि थंड ठेवलं तरच टिकतं, दमट उष्ण हवेत ते भराभर मरतं, तर फ्रिज नसलेल्या गावात कसं साठवायचं हे नक्की विचारा.

शेवगा तिथे मोठ्या प्रमाणावर लावलेला दिसेल. फांदी खोचली तरी येतो, कोरड्यात तग धरतो आणि पाल्यात प्रोटीन, लोह, अ जीवनसत्त्वासाठी लागणारं कॅरोटीन भरपूर. पाला उन्हात न वाळवता सावलीत वाळवायचा, नाहीतर हे कॅरोटीन बरंच उडून जातं. तसंच पिकांच्या मधे चवळी, वाल, तूर का लावतात ते बघा, मुळांच्या गाठींमधले बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन धरतात, पालापाचोळ्याने जमीन झाकली जाते, ओल टिकते, तण कमी येतं, म्हणजे ज्याला युरियाची गोणी परवडत नाही त्याच्यासाठी खत शेतातच तयार होतं. मला तर या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

कोरडवाहू भागात गेलात की पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या झाई खड्ड्यांबद्दल विचारा. कडक झालेल्या जमिनीत पावसाआधी छोटे खड्डे खणून शेणखत टाकायचं, मग पाणी वाहून न जाता तिथेच मुरतं आणि ज्वारी-बाजरी त्याच खड्ड्यात पेरतात. याला फक्त कुदळ आणि मेहनत लागते.

मुलांचं म्हणाल तर धाकट्याला प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायला सांगा, "पैसे नसतील तर हे कसं करायचं?" मोठ्याला पंप आणि कमी लाकडात चालणाऱ्या चुली आवडतील. गाईडबरोबरची टूर घ्या, नुसतं फिरून अर्धं कळत नाही, वेळ आधी बघून ठेवा. डिसेंबर चांगलाय, तिथे उन्हाळ्यात पाऊस, घाम आणि डास फार.

प्रश्न: मीही तिथे जाणार आहे, येताना थोडं बी बॅगेत आणलं तर चालेल का?

उत्तर: नाही, प्लीज आणू नका. भारतात बियाणं आणायला आयात परवाना आणि रोगमुक्त असल्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि हा नियम उगाच नाहीये, एका पाकिटातून आलेली कीड किंवा रोग शेजारच्या गरीब शेतकऱ्याचंच पीक आधी खाणार. नावं लिहून घ्या, फोटो काढा. चवळी, तूर, वाल, शेवगा यांचं बी तर इथेच मिळतं, तिथून आणायची ती लावायची पद्धत.