तिसरा प्रयत्न नेमका कुणाला हवाय?

प्रश्न : मुलीचे नीटचे दोन प्रयत्न झाले, सरकारी कॉलेज मिळण्याइतके गुण नाहीत. आता म्हणते, फॅटी लिव्हरमध्ये रोगप्रतिकारक पेशी कशावर चालतात यावर संशोधन करायचंय. मलाच ग्रेड वन फॅटी लिव्हर आहे. डॉक्टर म्हणाले, चाला, वजन उतरवा. यात संशोधन कसलं? नातेवाइकांना तोंड कसं दाखवू? तिसऱ्यांदा बसायला तिला कसं पटवू? – एक वडील, लातूर

उत्तर : कसं पटवायचं ते मी सांगणार नाही. नातेवाइकांची काळजी तुम्ही लिहिलीत. पण दोन वर्षांत मुलगी नीट झोपते का, जेवते का, कुणाशी बोलते का, याचा पत्रात पत्ता नाही. गुणांपेक्षा मला त्याचीच धास्ती वाटते. तिसरा प्रयत्न तिने मागितला असता तर वेगळं बोललो असतो. इथे हट्ट तुमचा आणि वर्ष तिचं.

‘यात संशोधन कसलं’ हा गैरसमज तर तुमच्याच पोटातला आहे. यकृतात चरबी साचलेल्या बहुतेकांचं प्रकरण तिथेच थांबतं. काहींच्या यकृताला सूज येते, मग ते आतून घट्ट होत जातं, पुढे सिरोसिस, म्हणजे यकृत कायमचं खराब होणं. असं काहींचंच का होतं? त्याची कारणं अनेक, त्यातलं एक या रोगप्रतिकारक पेशींत. कुप्फर पेशी म्हणजे यकृतातले कायमचे पहारेकरी. आजार वाढला की त्यातल्या बऱ्याच मरतात आणि रक्तातून आलेल्या, जास्त भडक पेशी त्यांची जागा घेतात. भडकलेली पेशी ग्लुकोज भराभर वापरते. डागडुजी करणारी पेशी मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रात, चरबी जाळण्यावर जास्त भागवते. प्रत्यक्षात इतकी सरळ वाटणी नसते, पण इंधन बदललं की पेशीचं वागणं बदलतं, हे प्रयोगांत दिसलंय. अमेरिकेत या आजाराच्या सूज आलेल्या अवस्थेसाठी पहिलं औषध, रेस्मेटिरोम, मंजूर झालं ते मार्च २०२४ मध्ये, आणि त्याचा मुख्य रोख यकृतपेशींवर आहे, या पहारेकऱ्यांवर नाही. मुलीचा प्रश्न खुळा नाही.

त्यासाठी एमबीबीएस लागत नाही. बी.एस्सी., मग जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., मग नेट-जेआरएफ ही संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा, मग पीएच.डी. ही पीएच.डी. पुण्यात एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) किंवा आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) इथेही होते. आयसरच्या पदवी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा बारावीनंतर मोजकीच वर्षं देता येते. ड्रॉपच्या, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट देण्याच्या, नादात ती हातची जाईल, पात्रता आजच तपासा.

मुलीलाही सांगतो, हा आरामाचा रस्ता नाही. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, सुरुवातीला जेआरएफचे दरमहा ३७,००० रुपये, तेही निवड झाली तर. उंदरांना महिनोन्महिने चरबीयुक्त खाद्य घालून शेवटी त्यांचं यकृत काढावं लागतं. ते जमणार नसेल तर संगणकावर पेशींच्या माहितीचं विश्लेषण करणारेही लागतात. पण ‘नीट नको’ म्हणून ‘संशोधन हवं’ असं असेल, तर थांब.

तुम्ही मात्र ग्रेड वनवर निर्धास्त राहू नका. सोनोग्राफीतला ग्रेड चरबीचा असतो, यकृत किती घट्ट झालंय ते त्यातून कळत नाही. तो घट्टपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅन तपासणीची गरज आहे का, डॉक्टरांना विचारा. आणि पुढचं पत्र मुलीला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.