ऑस्टिनला एक न्याय, मेक्सिकोला दुसरा?

फॉर्म्युला वनबद्दलचा तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२४ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शर्यतीत रेड बुलच्या व्हर्स्टॅपननं मॅक्लारेनच्या नॉरिसला ट्रॅकबाहेर नेलं, तरी पेनल्टी (म्हणजे वेळेचा दंड) बसली नॉरिसला. आठवड्यानं मेक्सिकोत व्हर्स्टॅपननं पुन्हा तेच केलं तर त्यालाच १०-१० सेकंदांच्या दोन पेनल्ट्या. मग स्ट्यूअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, कोणाच्या खिशात आहेत?

कोणाच्याच नाहीत. रेड बुलवाले म्हणतात आमच्यावर डूख धरलाय, मॅक्लारेनवाले म्हणतात आमच्यावर. इथे सगळ्यांचाच आपला तो बाब्या असतो. आणि ‘पुन्हा तेच केलं’ हेही पूर्ण खरं नाही.

ऑस्टिनचं १२ वं वळण परत बघा. ५६ पैकी ५२ वा लॅप (फेरी). लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी नॉरिस बाहेरच्या बाजूनं पुढे निघालाय. व्हर्स्टॅपन आतून येतो, ब्रेक इतका उशिरा मारतो की एपेक्सला, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूला, त्याचं नाक पुढे असतं, पण त्या वेगात गाडी वळणार कशी? दोघंही पांढऱ्या रेषेबाहेर. नॉरिस बाहेरूनच पुढे येतो आणि मिळवलेली जागा परत देत नाही. नॉरिसला ५ सेकंद, तिसऱ्याचा चौथा. तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बाहेरच्या गाडीला जागा हवी असेल तर ती एपेक्सला पुढे असायला हवी. आता ब्रेकच उशिरा मारायचे म्हटल्यावर एपेक्सला कोणीही पुढे असेल! ही पळवाट व्हर्स्टॅपनला तोंडपाठ आहे. नियमावर बोट ठेवून निर्णय बरोबर, आणि तुम्हाला आलेला राग त्याहून बरोबर.

मेक्सिकोत चौथ्या वळणावर मात्र नॉरिस एपेक्सलाही पुढे होता. त्यामुळे तिथे पळवाट चालली नाही. दुसरी पेनल्टी त्यानंतर लगेच आठव्या वळणावरची.

मॅक्लारेननं ऑस्टिनच्या निकालावर फेरविचाराचा अर्ज केला होता. म्हणणं असं की नॉरिस आधीच पुढे गेला होता, म्हणजे ओव्हरटेक करणारा तो नव्हेच. पण अशा अर्जाला नवा, महत्त्वाचा आणि निर्णयाच्या वेळी हाती नसलेला पुरावा लागतो. ‘तुमचा निर्णयच चुकला’ हा काही नवा पुरावा होत नाही. अर्ज दारातच फेटाळला.

खरं दुखणं माणसांच्या नेमणुकीत आहे. दर शर्यतीला स्ट्यूअर्डांचं पॅनेल बदलतं. त्यात एक जुना ड्रायव्हर असतो, एक यजमान देशाच्या संघटनेचा. पगारी नोकरी नाही, खर्च मिळतो. एवढ्या पैशाच्या खेळात न्यायनिवाडा हौशी माणसांवर, हे मला पहिल्यापासून खटकतं. २०१९ च्या दोन शर्यती शेजारी शेजारी लावून बघा. कॅनडात वेटेल गवतावरून परत आला, हॅमिल्टनला भिंतीकडे दाबलं, ५ सेकंद, वेटेल पहिला येऊनही विजय गेला. तीनच आठवड्यांनी ऑस्ट्रियात, दोनतीन लॅप उरलेले असताना व्हर्स्टॅपननं चाकाला चाक लावून लक्लेरला बाहेर घातलं आणि काही तास खल करून निकाल काय, तर ‘पुढील कारवाई नाही’. तोवर प्रेक्षक घरी पोचले होते. (कॅनडात वेटेलनं हॅमिल्टनच्या गाडीपुढची विजेत्याची १ नंबरची पाटी उचलून आपल्या रिकाम्या जागेपुढे ठेवली होती. त्या वर्षीचा सगळ्यात प्रामाणिक निषेध.)

परिणाम न बघता कृती बघायची, हे स्ट्यूअर्डांचं तत्त्व मला पटतं. पण मग शिक्षेचं वजन गडबडतं. सिल्व्हरस्टोन २०२१ ला पहिल्याच लॅपला व्हर्स्टॅपन भिंतीवर आदळला, हॅमिल्टननं १० सेकंद भोगले आणि तरी शर्यत जिंकली. वेगवान गाडीला १० सेकंद म्हणजे चिल्लर.

माझं मत विचाराल तर सेकंद मोजण्यापेक्षा लगेच ‘जागा परत दे’ असं सांगावं. ऑस्टिनला नॉरिसला चार लॅप मिळाले असते, पुन्हा प्रयत्न केला असता. पण सौदी अरेबियातली जेद्दा २०२१ ची शर्यत आठवा. तिथे व्हर्स्टॅपननं जागा परत द्यायला मधेच वेग कमी केला, हॅमिल्टन मागून धडकला. म्हणजे त्यातही कुठे द्यायची हे नेमकं सांगायला हवं.

२०२५ च्या जूनमध्ये एफआयएनं (या खेळाच्या जागतिक नियामक संघटनेनं) स्ट्यूअर्डांच्या या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या, त्यामुळे आता निदान आपल्याला वाचता येतात. पुढच्या वादाआधी त्या आणि निर्णयाचं कागदपत्र दोन्ही उघडून बसा. कधी कधी फेरविचाराचा अर्ज लागूही पडतो बरं का. नेदरलँड्समधल्या झँडवूर्टला २०२५ मध्ये सेन्झ आणि लॉसन या ड्रायव्हरांच्या धडकेचा निर्णय फेरविचारात फिरला, सेन्झच्या लायसन्सवरचे पेनल्टी पॉइंट काढून टाकले. १० सेकंद मात्र शर्यतीतच भोगून झाले होते, त्याला इलाज नव्हता.