लहानपणापासून धांदरट, की एडीएचडी?

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची, अकाउंट्समध्ये जॉब करते. बिलं भरायची राहतात, गॅसवर दूध ठेवून विसरते, मीटिंगमध्ये लक्षच राहत नाही. शाळेतही 'हुशार आहे पण धांदरट' हाच शेरा असायचा. आता मुलाच्या टीचरनी त्याची एडीएचडीची (म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलपणा याची) टेस्ट करायला सांगितली आणि वाटलं, हे तर माझंच वर्णन आहे! कुठे दाखवू?

उत्तर : अगं, तुझी शंका अगदी रास्त आहे, मुलाच्या निमित्ताने आईचं किंवा बाबांचं निदान होणं हे बऱ्याचदा घडतं. मुली बऱ्याचदा वर्गात दंगा करत नाहीत, नुसत्या खिडकीबाहेर बघत बसतात, म्हणून त्यांचं निदान सुटून जातं आणि याचं मला फार वाईट वाटतं. सायकियाट्रिस्टकडे जा, रक्ताची किंवा स्कॅनची अशी टेस्ट नसते, ते सविस्तर बोलून ठरवतात, म्हणजे १२ वर्षांच्या आधीपासून लक्षणं होती का, घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे त्रास होतो का वगैरे. जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर ने, आईलाही विचारून ठेव. झोप, थायरॉइड, एंग्झायटी यानेही असंच होतं, तेही तपासतील. ऑनलाइन क्विझवरून स्वतःच ठरवू नकोस. जवळ कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलतात.